फायबरचा डबा की ज्वारीची भाकरी? पोटातल्या जिवाणूंपर्यंत नेमकं काय पोहोचतं, समजून घ्या

दिवाळीत धाराशिवला घरी गेलो तेव्हा ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी एक नवा डबा दिसला. वर लिहिलेलं, 'प्रीबायोटिक फायबर, आतड्यांच्या आरोग्यासाठी'. वडिलांच्या ओळखीतल्या एकाने आणून दिला होता. फुकट नव्हे, विकत. वडिलांना मधुमेह, आईला थायरॉइड. दोघंही सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यातून एकेक चमचा घेत होते, आणि आई त्याच पाण्याबरोबर थायरॉइडची गोळीही गिळत होती. चार दिवसांत वडिलांचं पोट फुगून टम्म झालं. डबा देणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, चांगले जंतू वाढायला लागलेत, त्याचीच ही खूण आहे. डबल करा."

मी शिकलो इंजिनिअरिंग आणि काम करतो डिजिटल डेस्कवर. त्यामुळे घरात असलं काही निघालं की "बघ रे जरा मोबाइलवर" हे खातं माझ्याकडे असतं. या वेळी मोबाइलवरच्या रील सोडून थेट शोधनिबंध वाचले. डबा देणारा पूर्ण खोटं बोलत नव्हता. पण त्याने जे अर्धं सांगितलं, त्यातून दुसऱ्या अर्ध्याचा अंदाजही येत नाही.

आधी फायबर म्हणजे काय?

आपण जे खातो त्यातला काही भाग आपले पाचकरस तोडूच शकत नाहीत. धान्याचा कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचे धागे, कांदा-लसणातली काही विशिष्ट साखळीदार साखर. हा सगळा माल लहान आतड्यातून जवळजवळ जसाच्या तसा पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथे त्याची वाट पाहत असतात जिवाणू. किती? एका प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी, असा २०१६ मधला अंदाज आहे. सगळ्यांचं मिळून वजन पाव किलोही भरत नाही.

गोबरगॅसचा प्लँट पाहिला असेल तर हे समजायला सोपं जाईल. बंद टाकी, आत हवा नाही, वरून शेणकाला घालायचा आणि आतले जिवाणू तो कुजवून गॅस तयार करणार. मोठं आतडं हीदेखील अशीच बिनहवेची टाकी. फरक इतकाच की इथे गॅस हे नकोसं उपउत्पादन आणि खरा माल वेगळाच असतो: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही तीन छोटी आम्लं. यातलं ब्युटिरेट सगळ्यात महत्त्वाचं, कारण मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा त्याच्यातूनच मिळवतात. बाकीची दोन रक्तात जाऊन यकृत, भूक, साखर यांच्या कारभारात हात घालतात.

टाकीत काहीच घातलं नाही तर? अमेरिका आणि लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांवर हे करून पाहिलं. फायबर बंद केल्यावर जिवाणू उपाशी बसले नाहीत. त्यांनी आतड्याच्या भिंतीवरचा संरक्षक चिकट थर खायला सुरुवात केली. थर पातळ झाला आणि बाहेरून आलेल्या रोगजंतूला आत घुसणं सोपं झालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात उंदरांच्या चार पिढ्यांना कमी फायबरवर ठेवलं. पिढीगणिक काही जातीचे जिवाणू नाहीसे होत गेले, आणि शेवटच्या पिढीला पुन्हा भरपूर फायबर दिलं तरी ते परत आले नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. तरी ही शेवटची ओळ वाचताना मी हातातला ब्रेड खाली ठेवला होता.

सगळ्या पुड्या एकसारख्या नसतात

दुकानात 'फायबर' या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो.

आपल्याकडे सगळ्यात जुनं आणि ओळखीचं म्हणजे इसबगोल. गुजरात-राजस्थानात पिकतं, त्यावरच्या प्रक्रियेचं मोठं केंद्र गुजरातमधलं सिद्धपूर. भुसा पाण्यात टाकला की दोन मिनिटांत बुळबुळीत जेली होते. हीच जेली मल मऊ ठेवते, आणि पित्ताम्लं धरून बाहेर नेत असल्याने 'वाईट' कोलेस्टेरॉलही थोडं उतरवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये इसबगोलाबाबत हृदयरोगाचा धोका कमी होण्याचा दावा लेबलवर छापायला परवानगी दिली ती यामुळेच. पण जिवाणूंना ही जेली फारशी खाता येत नाही. म्हणजे बद्धकोष्ठाला इसबगोल उत्तम. 'चांगले जंतू वाढवा' या कामासाठी मात्र तो मुख्य गडी नव्हे.

दुसरं इन्युलिन, जे बहुतेक चिकोरीच्या मुळांपासून काढतात, आणि त्याचंच धाकटं भावंड फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, म्हणजे एफओएस. किंचित गोड, पाण्यात लगेच विरघळणारं. आमच्या घरच्या डब्यात हेच होतं. जिवाणू यावर तुटून पडतात. गॅसही तितक्याच वेगाने होतो. तिसरं म्हणजे अर्धवट तोडलेला गवार गम, आपल्या गवारीच्या बियांपासून बनणारा. चौथं, न पचणारा स्टार्च, बटाटा किंवा मक्यापासून काढलेला.

तेव्हा डब्याच्या पुढच्या बाजूवर विश्वास ठेवू नका. मागे फिरवा, घटक वाचा.

पुण्यात झालेला प्रयोग

एफओएस घेतल्यावर भारतीय माणसाच्या पोटात काय होतं, याचा एक नीट मांडलेला अभ्यास आपल्या पुण्यातच झाला आहे. टाटा केमिकल्स आणि टीसीएस रिसर्च यांच्या संशोधकांनी तो केला आणि २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एकूण ८० जण. काहींना रोज अडीच ग्रॅम, काहींना पाच, काहींना दहा ग्रॅम एफओएस, आणि काहींना नुसतीच दिसायला तशी पावडर. कोणाला काय मिळतंय हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही. पावडर सुरू करण्याआधी, चालू असताना आणि बंद केल्यानंतर असे मिळून नऊ वेळा मलाचे नमुने घेतले, त्यातला डीएनए वाचला आणि कोणत्या जातीचे जिवाणू वाढले-घटले ते मोजलं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी: टाटा केमिकल्स ही कंपनी स्वतः एफओएस बनवून विकते. म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही, पण वाचताना ते लक्षात असावं.

निष्कर्ष काय निघाला? बायफिडोबॅक्टेरियम आणि लॅक्टोबॅसिलस या दोन गटांतले जिवाणू वाढले. मात्रा जास्त असलेल्यांत आणखी काही गट वाढताना दिसले. त्यातला फिकॅलिबॅक्टेरियम हा ब्युटिरेट तयार करणारा म्हणून ओळखला जातो. थोडक्यात, डबा देणाऱ्याचं 'चांगले जंतू वाढतात' हे वाक्य या मर्यादेत बरोबर आहे.

पुढचा भाग तो सांगत नाही. २०१८ मध्ये अशा ६४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, सहभागी २०९९. त्यात बायफिडोबॅक्टेरियम, लॅक्टोबॅसिलस आणि मलातलं ब्युटिरेट वाढलेलं दिसलं, पण जिवाणूंच्या जातींची एकूण विविधता वाढली नाही. म्हणजे वस्तीत आधीच राहणाऱ्या दोन-तीन घराण्यांची भरभराट झाली, नवी घरं उभी राहिली नाहीत. शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. एकच खत एकाच पिकाला मानवतं.

शिवाय माणसागणिक फरक पडतो. मिशिगन विद्यापीठाने १७४ तरुण-तरुणींना वेगवेगळ्या पुड्या देऊन पाहिल्या, त्याचा निबंध २०१९ मध्ये आला. बटाट्याच्या न पचणाऱ्या स्टार्चने ब्युटिरेट वाढलं, मक्याच्या तशाच स्टार्चने वाढलं नाही. आणि बटाट्याच्या गटातही प्रत्येकाचं वाढलं असं नाही. ज्याच्या पोटात ते विशिष्ट जिवाणू आधीपासून आहेत, त्यालाच फायदा. शेजाऱ्याला लागू पडलेली पुडी तुम्हाला लागू पडेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

"डबल करा" हा सल्ला का चुकीचा?

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १८ जणांवर मात्रेचा प्रयोग केला. एक आठवडा रोज १० ग्रॅम, पुढचा आठवडा २०, त्यापुढचा ३०. धान्याच्या कोंड्यात असतं त्या जातीचं फायबर दिलं तेव्हा कोलेस्टेरॉल उतरलं. इन्युलिन दिलं तेव्हा बायफिडोबॅक्टेरियम वाढले. पण ३० ग्रॅम इन्युलिनवर काहींच्या शरीरात दाह वाढल्याच्या खुणा दिसल्या आणि यकृताच्या तपासणीतला एक आकडाही वर गेला. अभ्यास छोटा आहे. तरी जास्त म्हणजे जास्त चांगलं, हे गणित इथे बसत नाही एवढं त्यातून कळतं.

पुन्हा गोबरगॅसकडे येतो. टाकीत एकदम वेगळा आणि भरपूर माल टाकला की आतलं सगळं आंबट होतं आणि प्लँट बसतो, हे ज्याच्या घरी प्लँट आहे तो सांगेल. माल हळूहळू बदलावा लागतो. वडिलांचं पोट फुगलं ते यामुळे. जंतू वाढल्याचं ते प्रमाणपत्र नव्हतं. ज्यांना आयबीएस आहे, म्हणजे सतत पोटात कळ आणि कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, त्यांना इन्युलिन-एफओएसचा त्रास जास्त होतो. यावर नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक मजेशीर गोष्ट दाखवली. अशा रुग्णांना इन्युलिनसोबत इसबगोल दिलं तर मोठ्या आतड्यात गॅस कमी भरला. जेलीमुळे जिवाणूंना माल एकदम न मिळता सावकाश मिळत गेला.

भाकरी खाणाऱ्या पोटात कोण राहतं?

आता आपल्या भागाकडे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आतड्यातल्या जिवाणूंवर बरीच वर्षं काम झालं आहे. तिथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीय लोकांच्या आतड्यातले जिवाणू इतर देशांतल्या लोकांशी ताडून पाहिले. भारतीयांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे दोन गट ठळकपणे जास्त आढळले. पुढे २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळमधल्या ११० लोकांचा अभ्यास आला. त्यात मुख्यतः शाकाहारी, धान्यावर जगणाऱ्या भोपाळच्या गटात प्रिव्होटेला जास्त, तर केरळच्या मिश्राहारी गटात वेगळे जिवाणू पुढे होते.

प्रिव्होटेला हा धान्याच्या कोंड्यातलं कठीण फायबर तोडण्यात पटाईत. स्वीडनमध्ये २०१५ साली ३९ जणांना तीन दिवस सातूच्या अख्ख्या दाण्यांचा पाव खायला दिला. ज्यांची जेवणानंतरची साखर सुधारली, त्यांच्या पोटात प्रिव्होटेलाचं प्रमाण जास्त निघालं. लगेच त्याला 'चांगला जंतू' म्हणून हार घालायची घाई नको. संधिवाताच्या नव्या रुग्णांमध्येही त्याचीच एक जात जास्त सापडल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. पण भाकरी-डाळीवर वाढलेल्या पोटात कोंडा पचवणारी टोळी आधीपासून बसलेली असण्याची शक्यता भरपूर, हे यातून दिसतं.

ही टोळी टिकते का? थायलंडमधून अमेरिकेत गेलेल्या हमोंग आणि कॅरेन समाजाच्या स्त्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून काही महिन्यांतच त्यांच्या पोटातली विविधता घटायला लागली, प्रिव्होटेलाची जागा दुसऱ्या गटाने घेतली, आणि तिथे जन्मलेल्या पिढीत हा बदल आणखी वाढला. हे वाचताना मला आमच्या बॅचमधली धाराशिव-तुळजापूरची पोरं आठवली, जी हिंजवडीत जाऊन दोन्ही वेळ मैद्यावर जगतात. त्यात मीही आलो.

आणि गावी तरी काय राहिलंय? खरिपात सोयाबीनने सगळं शिवार घेतलं. ज्वारी उरली ती रब्बीत. पोटाच्या दृष्टीने सोयाबीनही भरपूर फायबरचं, पण ते आपल्या ताटात येत नाही, ट्रॉलीतून तेलाच्या मिलला जातं.

आता हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे घटक मोजून तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम फायबर असतं, बाजरी आणि अख्ख्या गव्हात ११ च्या पुढे. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात जेमतेम पावणेतीन. तूरडाळीत ९, हरभरा डाळीत १५, आणि अख्ख्या हरभऱ्यात तब्बल २५.

एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं असं धरा. म्हणजे सहा ग्रॅम फायबर. दोन भाकऱ्यांत बारा. त्यावर मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम हरभऱ्याची उसळ, साडेसात. एका जेवणात १९-२० ग्रॅम झाले, भाजी अजून धरलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण दिवसाला किमान २५ ग्रॅम आहे, आणि तेही अन्नातून नैसर्गिकरीत्या मिळणारं. आमच्या डब्यातला एक चमचा पाच ग्रॅमचा. म्हणजे वडील एका भाकरीपेक्षा कमी फायबर विकत घेत होते. आणि ते घेताना डॉक्टरांनी 'साखर बघा' म्हटल्यापासून घाबरून त्यांनी भाकरी दोनावरून एकावर आणली होती, तिच्या जागी सकाळी टोस्ट. गव्हाचं पीठ आमच्याकडे बारीक चाळणीने चाळलं जातं आणि कोंडा म्हशीला जातो. म्हैस ठणठणीत आहे.

भाकरीत फायबर अनेक प्रकारचं, डाळीत त्याहून वेगळं, कांद्या-लसणात इन्युलिनच्याच कुळातलं. वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळा घास मिळतो. डब्यात एकच. शिळ्या भाकरीचं म्हणाल तर तिच्यातही थोडं तथ्य आहे. शिजलेला स्टार्च थंड झाला की त्याचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. प्रमाण फार नसतं, पण रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाणाऱ्या आजीकडे बघून नाक मुरडायचं कारण नाही. ताकाचा मुद्दाही बिनकामाचा नाही. स्टॅनफर्डने २०२१ मध्ये ३६ जणांना दहा आठवडे दोन गटांत विभागलं, एकाला भरपूर फायबर, दुसऱ्याला दही आणि इतर आंबवलेले पदार्थ. जातींची विविधता वाढली ती आंबवलेलं खाणाऱ्यांची.

मधुमेहींसाठी एक अभ्यास सांगायलाच हवा. शांघायमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४३ रुग्णांना तेच औषध देऊन एका गटाला धान्यं आणि प्रीबायोटिक यांचं भरपूर आणि विविध फायबर दिलं गेलं. २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या या निबंधानुसार त्या गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर जास्त सुधारली, आणि ठरावीक जिवाणूंच्या वाढीशी त्याचा संबंध दिसला. औषध बंद नव्हतं, हे विसरू नका.

डबा घ्यायचाच असेल तर

दात नाहीत, भाकरी चावत नाही, बद्धकोष्ठ जुनं आहे, अशा अनेकांना पुडीचा उपयोग होतो आणि डॉक्टरही ती देतात. अशा वेळी सुरुवात अर्ध्या चमच्याने करा, एक-दोन आठवड्यांत वाढवा. इसबगोल कोरडं तोंडात टाकू नका. मोठा ग्लास पाण्यातून लगेच प्या, नाहीतर ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं. गिळायला त्रास होत असेल, आतड्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा आतडं अरुंद झाल्याचं सांगितलं असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. इतर गोळ्या आणि फायबर यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडच्या गोळीला तर त्याहून जास्त, कारण फायबरमुळे तिचं शोषण कमी होऊ शकतं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर फायबर वाढवताना साखर तपासत राहा. मलातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा उतारवयात शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर पुडी शोधत बसू नका, तपासणी करून घ्या.

पाकिटावर 'हाय फायबर' लिहिलेलं बिस्कीट दिसलं तर तेही उलटं करून बघा. आपल्याकडच्या नियमानुसार घन पदार्थात १०० ग्रॅमला ६ ग्रॅम फायबर असलं की तसं लिहिता येतं. ज्वारी दहावर आहे, फक्त तिच्या पोत्यावर कोणी छापत नाही.

घरचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे. वडील आता रात्री जेवणानंतर अर्धा चमचा घेतात, पैसे दिलेत म्हणून. टोस्ट बंद झाला, डॉक्टरांना विचारून दुसरी भाकरी परत आली, भात कमी झाला. आईची थायरॉइडची गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढच्या महिन्यात तिची रक्ततपासणी आहे.